मटाराएवढ्या माशाची बदनामी

पी पफर पाळायचा आहे असं कुणाजवळ बोललात तर एक सल्ला हमखास मिळतो: "नको, तो मासा भांडखोर आहे. बाकीच्यांच्या शेपट्या खातो." एकेकाळी हा सल्ला मीही दिला आहे. आज मला तो अर्धवट वाटतो. शेपट्या तो खातो, हे खरं. पण त्याला त्या शेपट्यांशेजारी नेऊन कोण सोडतं आणि उपाशी कोण ठेवतं, हे आपण सांगत नाही.

माझी चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका दुकानातून मी दोन पी पफर आणले. मटाराच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, पिवळसर हिरव्या अंगावर काळे ठिपके. डोळे तर असे की एक माझ्याकडे बघतोय आणि दुसरा माझ्या मुलीकडे. दुकानदाराला विचारलं, खातो काय? "सगळं खातो साहेब, दाणे टाका." कोणाबरोबर ठेवू? "कोणाबरोबरही चालेल, एवढासा तर आहे." आणि जाता जाता, "पाण्यात थोडं मीठ टाका." तीन उत्तरं, आणि तिन्ही चुकीची.

घरच्या टाकीत आठ गप्पी होते. चौथ्या दिवशी त्यांच्या पंख्यासारख्या शेपट्या झिरमिळ्या झाल्या. दाणे टाकले की पफर जवळ यायचे, एक डोळा रोखून बघायचे आणि वळून जायचे. मुलीने विचारलं, "अब्बा, याचं पोट आत का गेलंय?" मी म्हणालो, नवीन जागा आहे, खाईल हळूहळू. बाराव्या दिवशी एक मेला. टाकीत अन्न तरंगत होतं आणि मासा भुकेने मेला होता. तरी माझा राग पफरवरच होता, कारण माझे गप्पी त्याने विद्रूप केले होते. उरलेला परत करायला निघालो, तेव्हा मुलगी म्हणाली, "त्याला काय आवडतं ते तर आपण विचारलंच नाही." मग मी वाचायला बसलो.

पहिला धक्का हा की हा मासा परदेशी नाहीच. तो आपल्या पश्चिम घाटाचा. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा. पंपा, चालकुडी या नद्यांत तो सापडतो आणि जगात दुसरीकडे कुठेही मूळचा नाही. सुंदरलाल होरा आणि नायर यांनी 1941 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्रावणकोरवरून नाव दिलं, 'ट्रावनकोरिकस'. पूर्ण वाढ झाली तरी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. पफरच्या कुळात मचूळ पाण्यात राहणाऱ्या जाती आहेत, पण हा गोड्या पाण्याचा आहे. त्याला मीठ नको.

आता खाण्याचं. पफरच्या तोंडात दातांची चोच असते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. ती हलणारं काहीतरी पकडून फोडण्यासाठी आहे, तरंगणाऱ्या पापड्या चघळण्यासाठी नाही. पाण्यातल्या छोट्या गोगलगायी हे त्याचं आवडतं खाणं. त्या खाताना पोटही भरतं आणि चोचही झिजते. मी खिडकीत दोन बरण्यांत गोगलगायी वाढवतो. काकडीची एक चकती टाकली की त्यांचं भागतं. तळ्यातल्या गोगलगायी आणू नयेत, त्यांच्याबरोबर रोगही येतात. शिवाय आर्टेमिया, डॅफ्निया आणि गोठवलेल्या लाल अळ्या, आलटून पालटून. रोज फक्त लाल अळ्या देणं म्हणजे मुलाला रोज फक्त बिस्कीट देणं. डासांच्या अळ्याही त्याला फार प्रिय, पण डेंग्यूच्या शहरात त्या घरी वाढवायच्या भानगडीत पडू नका.

दिवसातून एकदा किंवा दोनदा, थोडं थोडं. पोट किंचित गोल दिसलं की थांबायचं. उरलेलं लगेच काढायचं, कारण हा सांडत खातो आणि घाण पाणी त्याला अजिबात सोसत नाही. आणि रोज खाऊनही पोट आतच राहत असेल तर पोटात जंत असण्याची शक्यता धरा. नदीतून पकडून आणलेल्या माशांत ते बरेचदा असतात.

सोबत्यांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: पफरला सोबत पफरचीच. गप्पी, फायटर, एंजल असे लांब परांचे संथ मासे तर मुळीच नकोत. छोटी कोळंबी ठेवली तर तिची पिल्लं वाचणार नाहीत. ओटोसिंक्लससारखा चपळ, शेवाळ खाणारा मासा काहींच्या टाकीत टिकतो, पण तो टिकेलच असं कुणी वचन देऊ नये. पफरमध्येही नर नराला सहन करत नाही. मोठ्या नराच्या पोटाखाली गडद रेघ दिसते, मादी जास्त गोल असते. एका नरामागे दोन-तीन माद्या, आणि वनस्पती इतक्या दाट की पळणाऱ्याला लपता यावं. एका माशाला वीस लिटर पाणी तरी हवंच, पुढच्या प्रत्येकासाठी आणखी.

यावर काही जण म्हणतात, "सवय लावली की जुळवून घेतो." काही पफर दाणे खायला शिकतात, हे मी नाकारत नाही. पण ज्याने जुळवून घेतलं नाही, त्याच्या उपासाचा हिशेब कोण देणार? आमच्या गावच्या घरी शेळ्या होत्या. दादीचा एक नियम होता: दावणीच्या जनावराला आधी चारा, मग आपलं ताट. मोकळं जनावर आपलं आपण शोधून खाईल. बांधलेल्याच्या पोटाचा जाब बांधणाऱ्याने द्यायचा. काचेची टाकीही दावणच आहे.

निसर्गसंवर्धनाच्या जागतिक लाल यादीत हा मासा 'असुरक्षित' गटात आहे, आणि शोभेच्या माशांसाठी होणारी पकड हे त्यामागचं एक कारण आहे. म्हणजे दुकानातला एक चुकीचा सल्ला घरातल्या टाकीत संपत नाही. तिथे मासा मरतो, आपण दुसरा आणायला जातो, आणि नदीत पुन्हा जाळं पडतं. म्हणून विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. हा टाकीत जन्मलेला आहे की नदीतून आणलाय? आणि माझ्यासमोर त्याला खायला घालून दाखवाल का? दुकानदाराने टाळाटाळ केली तर रिकाम्या हाताने परत या.

माझ्याकडे आता दोन फुटी टाकीत एक नर आणि तीन माद्या आहेत. पाहुणे विचारतात, "एवढ्या मोठ्या टाकीत चारच मासे?" मुलगी त्यांना खिडकीतल्या बरणीतली एक गोगलगाय देते आणि म्हणते, "टाका आणि बघा." मग पुढची दहा मिनिटं कुणीच काही बोलत नाही.