मिरवणुकीची वाट कोण ठरवतं?

खेळाला जात नसते, रंग नसतो, असं आपल्याला शाळेपासून पढवलं जातं. पीटीचा मास्तर पढवतो, बक्षीस समारंभाला आलेला पाहुणा पढवतो, वर्तमानपत्राचं शेवटचं पान रोज पढवतं. मैदानात उतरलं की सगळे सारखे, म्हणे. दोस्तहो, हे खोटं आहे. ते कसं खोटं आहे हे सांगायला एका हायस्कूलचा हिशेब मांडतो. शाळा अमेरिकेतली, इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहरातली. नाव क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल. खेळ बास्केटबॉल. सीझन १९५४-५५चा.

तुम्ही म्हणाल, इथं घर जळतंय आणि हा अमेरिकेत कशाला निघाला? निघालो, कारण १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं ते तिथल्या काळ्या पँथरांकडून. नाव घ्यायचं तर त्या नावामागची माणसं माहीत पाहिजेत. त्या पँथरांच्याही आधीची ही शाळकरी पोरं.

मार्च १९२७मध्ये बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ही शाळा उघडली. तिकडं कु क्लक्स क्लॅनने इंडियानाचं राजकारण खिशात घातलं होतं. तोवर शहरातल्या हायस्कुलांत काळी पोरं गोऱ्यांबरोबर बसत होती. ती तिथून उचलली आणि सगळी या एका शाळेत कोंबली. म्हणजे गावकूस नव्यानं बांधलं, तेही विटा-सिमेंटचं, सरकारी पैशातनं. वर त्या शाळेला नाव द्यायला निघाले थॉमस जेफरसनचं. सगळी माणसं समान आहेत असं लिहून शेकडो गुलाम बाळगणारा हा इसम! काळी वस्ती खवळली. अर्ज, निवेदनं, ओरड. शेवटी नाव बदलून घेतलं. १७७० साली बॉस्टनमध्ये इंग्रजांच्या गोळीनं पहिला पडला तो क्रिस्पस ॲटक्स, त्याचं नाव लागलं. नाव बदलून घेण्याची किंमत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या पाटीसाठी आपण १९७८ ते १९९४ काय मोजलं, ते आपल्याला पाठ आहे.

आता व्यवस्थेची लबाडी बघा. राज्याची शालेय क्रीडा संघटना म्हणाली, ॲटक्सला आमच्या स्पर्धेत घेता येणार नाही. का? तर ही खऱ्या अर्थानं सार्वजनिक शाळा नाही, सगळ्यांना खुली नाही! अरे, बंद केली कुणी? तुम्हीच कुंपण घालायचं आणि तुम्हीच विचारायचं, कुंपणात का बसलात? १९४२पर्यंत हे चाललं. तोवर ॲटक्सची पोरं राज्याबाहेरच्या काळ्या शाळा शोधत लांबलांबचा प्रवास करायची. घरच्या अंगणात खेळायला बंदी, म्हणून परगावी खेळायचं.

स्पर्धेचं दार उघडलं तरी मैदान नव्हतंच. शाळेचा जिम एवढासा, त्यात प्रेक्षक बसवून सामना करता येत नसे. म्हणजे जगातली ही अजब टीम, जिचा प्रत्येक सामना दुसऱ्याच्या घरात. आणि पंच? शिट्टी गोऱ्याच्या तोंडात. शाळेच्या मुख्याध्यापकांची जुनी शिकवण अशी की अंगाला अंग लावू नका, पंचांशी हुज्जत नको, गोऱ्यांचं मन दुखवू नका, सभ्य दिसा. हेतू वाईट नव्हता. मार खाऊ नये म्हणून मान खाली, ही आपल्या आज्यांचीही शिकवण होती. पण मान खाली घालून बास्केटात चेंडू जात नाही.

१९५०मध्ये रे क्रो हा कोच झाला. त्यानं शिस्त सोडली नाही, पण पोरांच्या खेळाला लावलेला लगाम सोडला. पळा, उड्या मारा, चढून खेळा. पंच आपल्या बाजूचे नाहीत हे धरूनच चाला आणि एवढी आघाडी घ्या की शिट्टी वाजूनही फरक पडू नये. १९५१ला टीम राज्याच्या शेवटच्या चारांत गेली. १९५४ला मिलान नावाच्या छोट्या गावाच्या शाळेकडून हरली. मिलाननं त्या वर्षी कप नेला. या ॲटक्सच्या टीममध्ये एक पंधरा वर्षांचा पोरगा होता, ऑस्कर रॉबर्टसन. चेंडू विकत घ्यायला पैसे नव्हते तेव्हा टेनिसचे चेंडू आणि रबर लावून बांधलेल्या चिंध्या फळांच्या टोपलीत फेकून हा नेम शिकला. चिंध्यांचा चेंडू आपल्या बोळात कुणी केला नाही?

मग आला १९५५. पूर्ण सीझनमध्ये ३१ सामने जिंकले, एक हरला. १९ मार्चला अंतिम सामना. समोर गॅरी शहराचं रूझवेल्ट हायस्कूल, तेही काळ्यांचंच. ज्या कोर्टावर यायला काळ्या शाळांना १९४२पर्यंत बंदी होती, त्या कोर्टाच्या मधोमध आता दोन्ही बाजूंना काळी पोरं. ॲटक्स ९७, रूझवेल्ट ७४. खुल्या राज्यस्पर्धेत जिंकणारी देशातली पहिली काळी शाळा. आणि गंमत ऐका, १९११पासून ही स्पर्धा चालू, पण राजधानी इंडियानापोलिसच्या एकाही शाळेला ती कधी जिंकता आली नव्हती. शहराचा पहिला कप आणला तो शहरानं वेगळं बसवलेल्या पोरांनी.

मग शहरानं काय केलं? जिंकलेल्या टीमला शहराच्या मधल्या चौकात, त्या स्मारकापाशी आणून जल्लोष करायचा, ही प्रथा. पण अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा आला. एवढे काळे एका चौकात? दंगल करतील! ठरलं की पोरांना आगीच्या बंबावर बसवायचं, स्मारकाला एक फेरी मारायची आणि बंब थेट काळ्या वस्तीतल्या बागेकडे वळवायचा. काय नाचायचं ते तिकडे नाचा. कप तुमचा, चौक आमचा. दंगल वगैरे काही झाली नाही. झाला तो फक्त अपमान, आणि तोही विजयाच्या रात्री.

माझं म्हणणं इथंच आहे. जिंकू देणं आणि मिरवू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रस्थापिताला तुमच्या जिंकण्याचं फारसं भय नाही. तुमच्या घामातनं त्याच्या शहराचं नाव होतं, ते त्याला हवंच असतं. त्याला भय आहे ते चौकाचं. आपल्याकडे नवरदेव घोड्यावर बसून वेशीतून निघाला की दगड पडतात, आजही पडतात. लग्नाला ना नाही, पण वरात मागच्या वाटेनं न्या! बाळू पालवणकरनं १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेटी काढल्या. हिंदूंच्या संघाला तो गोलंदाजीला चालला, कप्तान म्हणून कधीच चालला नाही. पुण्याला तर त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडू त्याच्या हातचा चालला, कप चालला नाही. पुणं असो की इंडियानापोलिस, सूत्र एकच आहे.

यावर आपल्यातलेच काही जहाल मित्र म्हणतात, मग खेळ म्हणजे निव्वळ अफूच. पोरांनी चेंडूमागं पळण्यापेक्षा मोर्च्यात यावं. मला हे पटत नाही. ॲटक्सच्या पोरांनी पुढच्या वर्षी, १९५६ला, सगळेच्या सगळे ३१ सामने जिंकले. इंडियानात एकही सामना न हरता कप नेणारी ही पहिली टीम. त्या दोन वर्षांत वस्तीतला म्हातारा छाती काढून रस्त्यानं चालला असेल, ते कुठल्या पत्रकानं झालं असतं? आणि तो चिंध्यांचा चेंडू फेकणारा पोरगा नुसता हिरो होऊन थांबला नाही. १९७०मध्ये खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष म्हणून त्यानं बास्केटबॉलच्या मालकांना कोर्टात खेचलं. १९७६ला तडजोड झाली आणि खेळाडूंना मालकाच्या दावणीतून सुटायची वाट मिळाली. अपमान लक्षात ठेवणारा खेळाडू काय करू शकतो ते हे.

दुसरे मित्र उलट टोकाचे. एक मेडल आलं की टाळ्या पिटतात, बघा, आपला माणूस पोहोचला, आता भेद संपला! त्यांना सांगतो, इतिहास कुणाच्या हातात राहतो ते बघा. १९८६ला हॉलिवूडनं इंडियानाच्या शालेय बास्केटबॉलवर गाजलेला सिनेमा काढला. कुणावर? मिलानच्या गोऱ्या पोरांच्या कपावर बेतलेला. त्यात हरणाऱ्या टीमचा कोच म्हणून उभा कोण, तर रे क्रो. दोनदा कप जिंकलेल्या माणसाला पडद्यावर हरलेल्याचं काम! शहरानं त्या १९५५च्या टीमला आपल्या मोठ्या परेडमध्ये पुढं बसवलं ते २०१५ साली, म्हणजे साठ वर्षांनी. क्रो २००३लाच गेला होता.

साठ वर्षं! न्याय इतक्या उशिरा आला की घ्यायला कोच उरला नाही.

म्हणून पोरांनो, खेळा. जीव तोडून खेळा. पण कपाबरोबर आणखी चार प्रश्न वस्तीत घेऊन या. आमच्या शाळेला मैदान का नाही? होतं ते कुणाच्या घशात गेलं? शिट्टी कुणाच्या तोंडात आहे? टीम निवडणारे कोण आणि त्यांची आडनावं काय? आणि जिंकून आलात तर मागच्या गल्लीतून येऊ नका. पोलिसाची परवानगी, पुढाऱ्याची सोय, शांततेचं कारण, काहीही सांगतील. ट्रक मधल्या चौकातूनच न्या, आणि एक फेरी मारून निघून जाऊ नका. थांबा तिथं. शहराला तुमचे चेहरे नीट बघू द्या.