ऑडिशननंतर काय विचारू नये

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरात सतरा वर्षांचे मूल असले, की भारतातल्या आजी-आजोबांनाही तिथले प्रवेशाचे वेळापत्रक पाठ होते. एसएटी कधी, अर्ज कधी, निकाल कधी. इंजिनीअरिंग असो की कॉम्प्युटर सायन्स, त्यातली भाषा आपल्याला कळते. पण एखादी नात म्हणाली की तिला कॉलेजात 'म्युझिकल थिएटर' शिकायचे आहे, म्हणजे गाणे, नाच आणि अभिनय या तिन्हींची पदवी घ्यायची आहे, की सगळे घर बुचकळ्यात पडते. खरे तर १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आले, तेव्हापासून गाता गाता अभिनय करणे किती अवघड असते हे मराठी माणसाला ठाऊक आहे. अनोळखी आहे ती प्रवेशाची रीत. आणि या रीतीत मुलाच्या गळ्याची व मनाची जी ओढाताण होते, तिच्याविषयी पालकांनी आधीच जाणून घ्यायला हवे.

ही रीत अशी. बारावीच्या वर्षात, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मुले आपली चित्रफीत पाठवतात. तिला प्रीस्क्रीन म्हणतात. त्यात दोन वेगवेगळ्या धाटणीच्या गाण्यांचे छोटे तुकडे, मिनिट-दीड मिनिटाचे स्वगत आणि थोडा नाच असतो. त्यातून निवड झाली तर प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन ऑडिशन. जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांत अनेक कॉलेजांची मंडळी एकाच वेळी जमतात. या मेळाव्यांना 'युनिफाइड्स' म्हणतात. मूल दिवसभरात या खोलीतून त्या खोलीत जाते आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटांत स्वतःला सिद्ध करते. नावाजलेल्या विभागांत दरवर्षी पंधरा-वीस जागा आणि अर्ज हजाराच्या वर. म्हणून एकेक मूल दहा-पंधरा ठिकाणी अर्ज करते. काही ठिकाणी कलाविभाग 'हो' म्हणतो आणि विद्यापीठाचा प्रवेश विभाग गुणांवरून 'नाही' म्हणतो. निकाल साधारण एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आणि उत्तर द्यायची प्रथागत मुदत १ मे. म्हणजे जवळजवळ आठ महिने नकार पचवत राहायचे, तेही वयाच्या सतराव्या वर्षी.

माझे म्हणणे असे, की या आठ महिन्यांत पालकांनी मुलाचा दुसरा गुरू होण्याचा मोह टाळावा. गाणे शिकवायला शिक्षक आहेत, परीक्षण करायला परीक्षक आहेत. पालकांनी करायची कामे वेगळी आहेत आणि ती दुसरे कोणी करत नाही. ती कामे म्हणजे गळा, झोप, जेवण, पैसा आणि घरातली शांतता सांभाळणे.

सुरुवात गळ्यापासून करू. बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषाचे शंभर-सव्वाशे वेळा. वरच्या पट्टीतल्या गाण्यात हा आकडा पाचशेच्या पुढे जातो. सतराव्या वर्षी हे अवयव पुरते पक्व झालेले नसतात. मुलाचा आवाज फुटून जवळपास एक सप्तक खाली गेलेला असतो. मुलींचाही आवाज थोडा उतरतो, तो फक्त चटकन लक्षात येत नाही. आवाज स्थिरावण्याची प्रक्रिया विशीपर्यंत चालू राहते. अशा गळ्यावर रोज तीन-चार तास जोरकस गाण्याचा मारा केला, की स्वरतंतूंना सूज येते आणि पुढे गाठीही होऊ शकतात. या गाठींवर पहिला उपाय बहुधा विश्रांती आणि व्हॉइस थेरपी हाच असतो. तो लागू पडतो, पण त्याला आठवडे-महिने लागतात. ऑडिशनच्या मोसमात तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

घरगुती समजुतीही तपासून घ्याव्यात. मध, लिंबू, आले घशाला बरे वाटते हे खरे. पण गिळलेले काहीही स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. ते अन्ननलिकेत जाते आणि स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. पोहोचले तर ठसका लागेल. म्हणून गाण्याच्या पाच मिनिटे आधी बाटलीभर पाणी पिऊन फारसे साधत नाही. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे लागते. शिकागोच्या जानेवारीत हॉटेलच्या खोलीत रात्रभर हीटर चालतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. तिथे खोलीत हवा ओलसर ठेवणारे यंत्र किंवा गरम पाण्याची वाफ उपयोगी पडते. आवाज बसला की मुले कुजबुजत बोलतात. त्याने गळ्याला विश्रांती मिळतेच असे नाही, अनेकांचा ताण उलट वाढतो. गप्प बसणे बरे. दुखणे थांबवण्यासाठी गोळी घेऊन गाणे तर नकोच, कारण वेदना हीच धोक्याची सूचना असते. किशोरवयात ॲस्पिरिन डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय देऊच नये. गाताना अचानक आवाज गेला, तर गाणे तिथेच थांबवून डॉक्टर गाठावा. आवाजाचा घोगरेपणा चार आठवड्यांहून जास्त टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. गाणाऱ्या मुलाने तितकेही थांबू नये. ऑस्करविजेत्या ज्युली अँड्र्यूज यांचा गाता गळा १९९७ च्या शस्त्रक्रियेनंतर परत आला नाही. तेव्हा 'एक ऑडिशन बुडेल' हे गळा ताणण्याचे कारण होऊ शकत नाही. आजारी मुलाला दुसरी तारीख मिळेल का, असे कॉलेजला विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट झोप. किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस सांगते. शाळा, शिकवणी, नाचाचा वर्ग आणि रात्री अर्जांचे निबंध यांत हे तास कुठून येणार? इथे पालकांना खरोखर काही करता येते. एखादा अर्ज कमी करा, एखादा वर्ग सोडा. पंधराव्या कॉलेजाच्या अर्जापेक्षा आठवडाभराची नीट झोप गळ्याला आणि स्मरणशक्तीला जास्त उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट भीती. ऑडिशनच्या आधी हात थंड पडतात, तोंड कोरडे पडते, छाती धडधडते. 'घाबरू नको, शांत हो' असे आपण सहज म्हणतो, पण धावणारे हृदय सांगून थांबत नाही. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांसमोर गाण्याआधी काहींना 'मी घाबरलोय' असे म्हणायला लावले, काहींना 'मला उत्साह वाटतोय' असे. दुसऱ्या गटाचे गाणे यंत्राने मोजल्यावर अधिक अचूक भरले. धडधड तीच, तिला नाव कोणते दिले, यावर बरेच अवलंबून असते. म्हणून 'भीती वाटतेय ना?' या चौकशीऐवजी 'शरीर तयार होतंय' एवढे सांगणे पुरते. काही मुले ऐकीव माहितीवर धडधड कमी करणाऱ्या गोळ्या मागतात. दमा असलेल्या मुलाला त्या धोक्याच्या ठरू शकतात. त्या मित्राच्या खिशातून कधीही घेऊ नयेत.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. मूल खोलीतून बाहेर आले, की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, 'कसं झालं?' प्रेमातूनच निघतो. पण त्याचे उत्तर मुलाकडे नसते. परीक्षक हसले, याचा अर्थ निवड झाली असा नाही. मध्येच थांबवले, याचा अर्थ नापास असाही नाही. प्रश्न आला की मूल ती पाच मिनिटे पुन्हा उगाळते, चुका शोधते आणि त्याच मनाने पुढच्या खोलीत जाते. शिवाय त्याला आपल्या चेहऱ्यावरची काळजीही सांभाळावी लागते. त्यापेक्षा 'भूक लागली का?' हा प्रश्न कितीतरी चांगला. बोलायचे असेल तर ते आपण होऊन बोलेल.

आपली अडचण अशी, की गुणपत्रिकेने आपल्याला वाढवले आहे. जेईईत रँक येते, उत्तरसूची मिळते, कुठे चुकले ते कळते. ऑडिशनला उत्तरसूची नसते. विभागाला वीस उत्तम गायक नको असतात; वर्षभर नाटके बसवता येतील असा संच हवा असतो. त्यात उंच आवाजाच्या दोन मुली आधीच घेतल्या असतील, तर तिसरी कितीही चांगली गायली तरी जागा उरत नाही. मूल तेवढेच राहते, फक्त संच भरलेला असतो. हे मुलाला नकार येण्याआधी सांगायला हवे. नंतर सांगितले की ती समजूत काढल्यासारखी वाटते. आणि या सगळ्यात शरीराविषयी टिप्पणी कटाक्षाने टाळावी. 'थोडं वजन कमी केलंस तर' हे आत्याचे वाक्य गमतीत येते, पण नाच-अभिनयाच्या क्षेत्रात खाण्याच्या विकारांचा धोका आधीच असतो.

आत्याचा विषय निघालाच आहे, तर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटाबद्दलही बोलू. पुण्यातून, ठाण्यातून, नागपुरातून रोज 'निकाल लागला का?' असे विचारणाऱ्या दहा जणांना उत्तर देणे हे मुलाचे काम नाही. आई-बाबांनी सांगून टाकावे, 'मे महिन्यात आम्हीच कळवू, तोवर विचारू नका.' भारतातल्या आजी-आजोबांना यात हातभार लावायचा असेल, तर हे मौन हीच मोठी मदत आहे.

पैशाचेही असेच. अमेरिकेतल्या काही खासगी विद्यापीठांत वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. आपल्याला किती झेपेल, कर्ज किती काढणार, हा आकडा अर्ज भरण्याआधी मुलासमोर ठेवावा. निवडपत्र हातात आल्यावर 'हे परवडणार नाही' असे सांगणे, हा मुलाला बसलेला सर्वांत कडवट नकार असतो, आणि तो घरातून आलेला असतो. या क्षेत्रातल्या बेभरवशाच्या कमाईबद्दलची शंकाही तेव्हाच, एकदाच, स्पष्ट बोलावी. प्रत्येक नकारानंतर तीच शंका पुन्हा काढणे म्हणजे जखमेवर मीठ.

कोणी म्हणेल, हे फार लाड झाले. जगात नकार पचवायला शिकायलाच हवे. मान्य आहे. पण दहा कॉलेजांचे नकार हे मूल पचवतेच आहे. त्यात घरच्या निराशेचा अकरावा नकार मिसळल्याने कणखरपणा वाढत नाही. नकाराची पत्रे लपवू नयेत, रडू थांबवू नये, 'त्यांचंच नुकसान' असे खोटे बोलूही नये. चार-आठ दिवस मूल उदास राहणे स्वाभाविक आहे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-जेवण बिघडले, मित्र तुटले, आवडते गाणेही नकोसे झाले, तर तज्ज्ञाकडे न्यावे. जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नये. अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक चोवीस तास चालतात.

हे फक्त अमेरिकेपुरते नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची निवडचाचणी देणारी, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या दारात उभी राहणारी, गाण्याच्या रिॲलिटी शोच्या रांगेत पहाटेपासून ताटकळणारी मुले आपल्याही घरांत आहेत. त्यांचाही गळा तसाच कोवळा आहे आणि त्यांचेही आई-बाबा बाहेर बाकावर बसलेले आहेत. दार उघडेल तेव्हा त्यांनी डबा उघडावा, पाण्याची बाटली पुढे करावी आणि निकालाचे काम परीक्षकांवर सोडावे.