काकूची वॅगन-आर आणि भाऊजींचं गणित

आधीच सांगून ठेवतो, हे वाचून आमच्या घरातली दोन-तीन माणसं माझ्यावर रागावणार आहेत. रागवा. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग रागवा.

काकूला गाडी विकायची आहे. काका २०२४ मध्ये गेले. त्यांची २०१२ ची पेट्रोल वॅगन-आर तेव्हापासून अंगणात उभी आहे. काकूला चालवता येत नाही, मुलगी पुण्यात. गाडी ६१ हजार किलोमीटर चाललेली आहे, आणि प्रत्येक वेळी पेट्रोल किती भरलं ते काकांनी एका वहीत लिहून ठेवलंय (काका बँकेत होते, त्यामुळे एकही पान रिकामं नाही!). आता प्रश्न एवढाच, की किती मागायचे?

पहिला आकडा भाऊजींचा. भाऊजींना ती गाडी स्वतःसाठीच हवी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. सव्वाचार लाखाची गाडी, दरवर्षी १५ टक्के घसारा, तेरा वर्षं. उत्तर आलं एक्कावन्न हजार आणि काही. "हिशोबच आहे ना तो," म्हणाले, "मी काही मनाचं सांगून नाही राह्यलो."

हिशोब बरोबर आहे, फक्त तो चुकीच्या वहीतला आहे. १५ टक्के हा आयकराचा घसारा. धंद्याच्या ताळेबंदात गाडीची किंमत किती दाखवायची यासाठी तो असतो, बाजारातल्या भावाशी त्याचा संबंध नाही. विमा कंपन्यांचंही कोष्टक असतं. त्यात गाडी पाच वर्षांची होईपर्यंत किंमत निम्म्यावर येते, आणि त्यानंतर तेही हात वर करून सांगतं, की पुढचं तुम्ही दोघं आपसात ठरवा. म्हणजे विमावाल्यांनाही जे जमत नाही ते भाऊजींनी जेवणाच्या ताटावर बसून दोन मिनिटांत केलं.

दुसरा आकडा काकूचा, दोन लाख. का? तर २०२३ मध्ये दुरुस्तीला ४१ हजार घातले आणि "यांनी फार जपली होती गं बाई" (हे माझ्या आईला). काकू, तुझ्यावर कोण रागावेल? पण घातलेले पैसे किमतीत मिळवता येत नाहीत. घेणारा आपल्याला पुढे काय मिळणार ते बघतो. काकांची आठवण त्याला नको आहे, ती तुझ्याकडेच राहणार.

आता त्या ४१ हजारांबद्दल, कारण खरं भांडण तिथेच आहे.

काकू राहते अंबाझरी लेआऊटच्या बाजूला. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, नाग नदी घराघरांत. काकूची गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. काका तेव्हा हयात होते, त्यांनी कोणालाही किल्ली फिरवू दिली नाही. म्हणूनच इंजिन वाचलं. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असताना गाडी सुरू केली, की पाणी दाबलं जात नाही आणि आतला रॉडच वाकतो. सीट, वायरिंग, मॅट, ब्रेक सगळं काढून साफ केलं. विमा फक्त थर्ड पार्टी, त्यामुळे पुराचा एक रुपया मिळाला नाही. बिलं वहीत चिकटवलेली आहेत.

भाऊजींचं म्हणणं, "सांगाचं काहून बे? धुतली, वाळवली, चालते ना मस्त!" बरं. पण हेच भाऊजी स्वतःसाठी भाव करताना काकूला काय म्हणाले? "पाण्यात बुडालेली गाडी आहे, एक्कावन्नच्या वर कोन देते?"

म्हणजे परक्याला विकताना पूर आलाच नव्हता, आणि घरच्याला घेताना मात्र गाडी अजून पाण्यातच आहे! याला मी लबाडी म्हणतो. नातं आहे म्हणून दुसरा शब्द शोधणार नाही.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यामागे तो निबंध होता. मुद्दा साधा आहे. गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांवर संशय धरून मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो गाडी विकायलाच काढत नाही. उरतात त्या खोटीच्या. मग भाव आणखी पडतो. आपण सगळे मिळून "सांगाचं काहून" म्हणतो, आणि मग एजंट नव्वद हजाराच्या वर जात नाही म्हणून त्याच्याच नावाने बोटं मोडतो. त्याला काय माहीत काकांनी किल्ली फिरवू दिली नव्हती ते?

तर माझा हिशोब. अशाच २०१२ च्या तीन गाड्या शहरात विकायला होत्या, मागत होते पावणेदोन लाखाच्या आसपास. मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवी गाडी स्वस्त झाली, तर जुनीने जुन्याच तोऱ्यात राहून कसं चालेल? म्हणून १,६०,०००. टायर चारही गेलेत (उभ्या गाडीचे टायर नागपूरच्या उन्हात आपोआपच मरतात), १४,००० वजा. बॅटरी ५,०००. २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा तपासणी, नूतनीकरणाचे ५,००० आणि पर्यावरण कर, किरकोळ कामं धरून १०,०००. राहिले १,३१,०००.

आणि पुराचे २०,००० वजा. हा आकडा कुठल्याच कोष्टकात नाही, अंदाजच आहे. वायरिंगमध्ये ओल गेली की दोन वर्षांनीही काहीतरी निघू शकतं, ती जोखीम घेणाऱ्याच्या गळ्यात पडणार, तर तिचे पैसे त्याला मिळायला हवेत. त्याला ती जोखीम माहीतच नसेल, तर हे वीस हजार आपण त्याच्या खिशातून काढले असं होतं.

उत्तर १,११,०००. शकुनाचा आकडा निघाला, माझा इलाज नाही.

काकूला पटवायला दोन संध्याकाळी लागल्या. पुराचं लिहायला ती तयार होती, दोन लाख सोडायला नव्हती. शेवटी वही उघडून बसली, बराच वेळ पानं उलटली आणि म्हणाली, "यांनी लिहूनच ठेवलंय सगळं, आपण कशाला लपवायचं?" मग जाहिरात तिनेच लिहिली. तिसऱ्या ओळीत "सप्टेंबर २०२३ च्या पुरात सीटपर्यंत पाणी, इंजिन सुरू केले नव्हते, दुरुस्तीची बिले आहेत." वारस म्हणून गाडी आधी तिच्या नावावर व्हायला हवी होती, तो फॉर्म ३१ चा सोपस्कारही उरकला.

तीन फोन आले. एकाने पूर ऐकून लगेच ठेवला. दुसऱ्याने ऐंशी हजार म्हटलं. तिसरे एक शिक्षक आहेत, त्यांनी आधी बिलांचे फोटो मागितले आणि रविवारी मेकॅनिक घेऊन येतो म्हणाले.

भाऊजी, तुम्हाला हवी असेल तर शनिवारपर्यंत या. भाव तोच.