रोजच्या मनगटाचे घड्याळ

संसारात जिनसा दोन जातीच्या असतात. काहींना आपण सांभाळायचे असते आणि काहींनी आपल्याला. पैठणी पहिल्या जातीची, घोंगडी दुसऱ्या. कोणती वस्तू कोणत्या जातीची हे एकदा ठरले की संसार सुखाचा होतो. मनगटी घड्याळाच्या बाबतीत मात्र पुष्कळ घरांत हे कधी ठरतच नाही, आणि मग पैठणी नेसून शेतात जावे तसे काहीतरी होऊन बसते.

पहिले घड्याळ माणूस वेळेसाठी घेतो, दुसरे शोभेसाठी. तिसरे आले की त्याला छंद म्हणतात आणि चौथ्याच्या नुसत्या गोष्टी निघाल्या तरी घरातली मंडळी वेगळाच शब्द वापरू लागतात. यंदा पाडव्याला चौथे घ्यायचा बेत मी बोलून दाखवला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “मनगटं किती आहेत तुम्हाला?” प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर मी येथे सविस्तर देत आहे. घरात एवढे बोलू कोण देतो?

माझ्याकडची तीन घड्याळे अशी. पहिले अण्णांचे, चावीचे एच.एम.टी. जनता. दुसरे लग्नात सासऱ्यांकडून आलेले, सोनेरी, पातळ, चामडी पट्ट्याचे. तिसरे काळे, प्लास्टिकचे, आकड्यांचे. पहिले काळजाचे, दुसरे लग्नसराईचे. उरले तिसरे. ते बिचारे कधी चुकत नाही. पण वर्गात त्याचा उपयोग बेताचाच. आकडे वेळ सांगतात, काटे उरलेली वेळ दाखवतात. कविता शिकवताना तास संपायला किती अवकाश आहे, हे ओझरत्या नजरेला काट्यांवरूनच कळते. खिशात मोबाईल असताना घड्याळ कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून तीन तास उभे राहून पाहावे. तेथे मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, आणि “सर, किती वेळ राहिला?” हा प्रश्न आत येतो.

तेव्हा हवे होते ते एक दणकट, काट्यांचे, रोजचे घड्याळ. खडूची धूळ, धाराशिवच्या रस्त्यावर मोटारसायकलचे हादरे, चैत्र-वैशाखातला घाम आणि श्रावणात रामलिंगच्या घाटात गाठणारा पाऊस, एवढ्यांना पुरून उरणारे.

दणकटपणाचे काही हिशेब दुकानात जाण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे. घड्याळावर ‘३० मीटर’ असे लिहिलेले असते. ते वाचून कोणी विहिरीत उडी मारू नये. प्रयोगशाळेत स्थिर पाण्याच्या दाबाखाली घेतलेल्या परीक्षेचा तो आकडा. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडणारे शिंतोडे, इतकाच. पावसाळा आणि पोहणे या दोन्हींची चिंता नको असेल तर १०० मीटरचे घ्यावे. काचेचेही तसेच. जुन्या घड्याळांची प्लास्टिकची काच पटकन ओरखडते, पण सहसा फुटत नाही, आणि घासून पुन्हा चकचकीत होते. साधी कडक काच कमी ओरखडते, पण आपटली तर फुटते. नीलमण्याच्या जातीची कृत्रिम काच सहसा ओरखडत नाही. ती महाग असते. पट्टा सर्वत्र मिळणाऱ्या मापाचा असावा, १८ किंवा २० मिलिमीटर. खास आकाराचा पट्टा तुटला म्हणजे चांगले घड्याळही पेटीत जाते.

दणकटपणाचा एक इतिहास जपानात घडला आहे. कॅसिओ कंपनीतले किकुओ इबे यांचे वडिलांनी दिलेले घड्याळ पडून फुटले. त्या दुःखातून त्यांनी न फुटणारे घड्याळ करायचे मनावर घेतले. दहा मीटरवरून पडले तरी चालावे, दहा बार दाबाचे पाणी सोसावे आणि सेल दहा वर्षे टिकावा, अशी त्यांची तीन दहांची अट होती. दोनशेच्या आसपास नमुने करून झाल्यावर १९८३ साली त्यांचे ‘जी-शॉक’ बाजारात आले. वडिलांच्या घड्याळाला हा एक जबाब झाला: असे करू की पुन्हा फुटणारच नाही.

आपल्या देशाने त्याआधी दुसरा जबाब दिला होता: बिघडेल, पण दुरुस्त होईल. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्सने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. ‘जनता’ हे त्याच घराण्यातले: सतरा ज्युएल, चावीचे, साध्या तबकडीचे. त्याच्या आतले चाक सेकंदाला पाच ठोके देते. दिवसाचे चार लाख बत्तीस हजार आणि वर्षाचे पावणेसोळा कोटींच्या वर. एवढी मजुरी करणाऱ्या यंत्राला तीन-चार वर्षांनी एकदा उघडून, धुऊन, सुईच्या टोकावर मावेल इतके तेल द्यावे लागते. त्या मोबदल्यात ते दोन पिढ्या चालते.

मग सेलची घड्याळे आली. त्यांच्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि महिन्यात फार तर दहा-वीस सेकंदांचा फरक पडतो. चावीचे घड्याळ तेवढे एका दिवसात मागेपुढे होते. १९८४ साली टायटनची स्थापना झाली आणि बाजार पालटला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी.चा घड्याळांचा उद्योग बंद करण्यास मंजुरी दिली. आता बाजारात ‘नवीन’ जनता म्हणून जे रंगीबेरंगी दिसते, त्यात पुष्कळदा तबकडी नव्याने रंगवलेली असते आणि आतले भाग तीन-चार घड्याळांचे असतात. छंद म्हणून घेणाऱ्याने भडक तबकडीला भुलू नये. जुनी, थोडी पिवळसर पडलेलीच खरी असण्याचा संभव अधिक.

आमचे येडशी तसे वेळेच्या बाबतीत भाग्यवान गाव. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत गेली, आणि पुढे कित्येक वर्षे घरोघरी तिच्या शिट्टीवर भाकरी थापायला बसत. अण्णा मात्र गाडीवर विसंबत नसत. त्यांच्या मनगटावरचे जनता पाहून ते गाडीलाच उशीर झाल्याचे जाहीर करीत. त्या घड्याळाची देखभाल बाजारातले एक चाचा आजवर करीत आले. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढरा कागद आणि त्यावर मांडलेले घड्याळाचे अवयव. नवे घड्याळ कोणते घ्यावे, हे विचारायला मी त्यांच्याकडेच गेलो.

चाचांनी चौथ्याचे सोडून पहिल्याचेच विचारले. “जनता कधी धुतलं होतं, सर?” मी म्हटले, “चार वर्षे झाली.” “मग दिवाळीआधी आणा. घड्याळ मरत नसतंय, त्याचा डॉक्टर मरतो. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आलाय.”

शेजारी त्यांचा मुलगा मोबाईलची कव्हरे विकत बसला होता. चावीच्या घड्याळाला तो हात लावत नाही. पण सेल बदलतो, आणि साध्या सेलच्या घड्याळाचे आतले मशीन सबंध बदलून देतो. ‘मियोटा २०३५’ नावाचे मशीन असंख्य घड्याळांत असते. ते स्वस्त असते आणि त्याचा ६२६ नंबरचा सेल गावोगाव मिळतो. बापाच्या हातात दुरुस्ती होती, मुलाच्या हातात बदली आहे. याला कोणी अधोगती म्हणेल. पण पोरगा त्याच फळीवर बसला आहे, दुकान उघडे आहे, हेही थोडे नाही.

तेथे माझ्या मनाचा निर्णय झाला. रोजचे घड्याळ पोलादी, शंभर मीटरचे, मोठ्या अंकांच्या पांढऱ्या तबकडीचे, वीस मिलिमीटर पट्ट्याचे, आणि आत चाचांच्या मुलाला बदलता येईल असे साधे मशीन. चावीचे दुसरे घेतले नाही. ते जपायला लागणारे हात आता दुर्मिळ होत चालले आहेत, आणि जे उरलेत ते अण्णांच्या घड्याळासाठी राखून ठेवायचे. नव्याने रोजची मजुरी करावी म्हणजे जुन्याला विश्रांती मिळेल. सौभाग्यवतींना माझे उत्तर एवढेच: चौथे घड्याळ मी पहिल्यासाठी घेतले.

वाचकहो, आपणही या दिवाळीत घड्याळ घेणार असाल तर हमी किती वर्षांची, हे अवश्य विचारा. पण त्यासोबत हेही विचारा की, हमी संपल्यावर हे उघडणार कोण, आणि तो आपल्या गावापासून किती कोसांवर बसतो? आणि कपाटाच्या तळाशी वडिलांचे, आजोबांचे एखादे चावीचे घड्याळ बंद पडून असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते तसेच परत ठेवू नका. भिंगवाले एखादे चाचा तुमच्याही बाजारात अजून बसत असतील. नवी खरेदी पाडव्यापर्यंत थांबेल. चाचांचा डोळा थांबेलच असे नाही.