आजी फिरायला निघाली

बालमित्रांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, माझ्या आजीला कॅन्सर आहे. नागपूरला केमो चालू आहे. ती अंगणात जरा फिरली की सगळे ओरडतात, पडून राहा म्हणून. कोण बरोबर?"

प्रश्न छोटा, पण मोठ्यांनाही अडवणारा! आजारी माणूस म्हणजे खाट आणि चादर, असंच आपल्याकडे ठरलेलं. पूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगत. आता मात्र ते म्हणतात, झेपेल तेवढं हला.

याचं कारण हृदयात आहे. आपल्या मुठीएवढं हे हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडतं. तेही स्नायूच. आणि स्नायू नुसता पडून राहिला की दुबळा होतो. प्लास्टर काढल्यावर हात कसा बारीक दिसतो, पाहिलंय ना? त्यातून कॅन्सरची काही औषधं हृदयाला त्रास देतात. डॉक्सोरुबिसिन नावाचं लालभडक औषध आहे. मातीतल्या सूक्ष्म जीवापासून मिळालेलं! ते कॅन्सरच्या पेशी मारतं, पण जास्त झालं तर हृदयाचा स्नायू कमजोर करू शकतं. म्हणून ते देण्याआधी हृदयाची 'इको' तपासणी करतात आणि किती द्यायचं याचा हिशेब ठेवतात.

चालण्याने हृदयाची ताकद टिकायला मदत होते. गंमत म्हणजे थकवाही कमी होतो! मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० स्त्रियांवर योगाचा अभ्यास केला. त्याचे चांगले निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले गेले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. केमो संपल्यावर तीन वर्षं ठरवून व्यायाम करणाऱ्या शंभरातले नव्वद जण आठ वर्षांनी हयात होते. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांतले त्र्याऐंशी. म्हणजे व्यायाम औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे!

आता तुम्ही म्हणाल, मग आजीला पळवायचं का? छे! आधी डॉक्टरांना विचारायचं. पहिल्या दिवशी पाच मिनिटंसुद्धा पुष्कळ. चालताना आजीला गोष्ट सांगता आली पाहिजे. बोलताना धाप लागली की थांबायचं. ताप असेल, चक्कर येत असेल, तर त्या दिवशी सुट्टी. छातीत दुखलं तर मात्र लगेच दवाखाना.

आणि हो, कॅन्सर हात धरल्याने होत नाही. उलट आपलीच सर्दी आजीला बाधेल, कारण केमोने तिची प्रतिकारशक्ती घटलेली असते. नाक वाहत असेल तर त्या दिवशी सोबतीला दुसऱ्याला पाठवा.

आपल्या कामठ्यात उन्हाळ्यात सकाळी सातनंतर ऊन चटके देतं, म्हणून त्याआधीच निघायचं. पावसाळ्यात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर नेऊ नका, पाय घसरतो. त्यापेक्षा शाळेचं मैदान बरं. फाटक सहालाच उघडतं, मी शिपाईकाकांना सांगून ठेवलंय.