शौर्यपदक आणि अकरावीचा फॉर्म

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. पेपरांनी त्यांची एकच गोष्ट ठळक छापली. १९७१ च्या युद्धात पकडले गेले आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या कैदेतून दोघा साथीदारांसह पळाले. गोष्ट थरारक आहेच. पण आम्हाला त्यांचे १९६५ चे काम अधिक मोलाचे वाटते. विमानाला शत्रूची गोळी लागली, उजवा हात जखमी झाला, तुकडीच्या प्रमुखाने उडी मारण्याचा सल्ला दिला. परुळकरांनी मोडके विमान तळावर परत आणले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

जमिनीवरच्या फौजेला मदत करायला निघालेल्या वैमानिकाला खाली यावेच लागते. रणगाडा दिसेल इतका खाली आला की तो खालच्या बंदुकीच्याही टप्प्यात येतो. ५ डिसेंबर १९७१ ला लोंगेवालात रात्रभर रणगाड्यांसमोर उभ्या असलेल्या पायदळाने पहाटेची वाट पाहिली, कारण जैसलमेरची हंटर विमाने अंधारात हल्ला करू शकत नव्हती. उजाडले, विमाने आली आणि रणगाडे पेटले. तरीही श्रेय पायदळाचे की हवाई दलाचे, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. कोर्टात म्हणतात तसे आहे, साक्षीदार लागतो आणि कागदही लागतो. शिफारस लिहिणारा नसेल तर पदक नाही.

आता कायद्याचे बोलू. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीच्या संविधानाने अनुच्छेद १८ मध्ये रावबहादुरी, सरकी सगळी मोडीत काढली. अपवाद फक्त दोन ठेवले, लष्करी आणि शैक्षणिक बहुमान. दोन्ही बापाकडून वारशाने मिळत नाहीत. ज्या समाजाला १८९० च्या दशकात ‘लढवय्या नाही’ असे ठरवून फौजेतून हाकलले, ज्याच्यासाठी सुभेदार रामजींच्या मुलाला सरकारदरबारी झगडावे लागले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्या समाजाने या अपवादाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

आमच्या हिंगोलीत फौज नवी नाही. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही शहरातल्या भागांची नावेच निजामाच्या छावणीची आठवण सांगतात. १ मे १९९९ ला जिल्हा झाला आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला कारगिलवर हवाई हल्ले सुरू झाले. आजही सेनगाव, कळमनुरीच्या रस्त्यांवर पहाटे पोरे धावतात. सगळी भरतीसाठी. शिपाई व्हायचे. त्यात कमीपणा मुळीच नाही. पण वैमानिक व्हायचे म्हणून धावणारा आम्हाला अजून भेटला नाही.

एकदा भेटला, पण उशिरा. बुद्धविहारात बारावीचा मुलगा आला. एनडीएचा फॉर्म मोबाईलवर उघडून म्हणाला, ‘वकीलसाहेब, हवाई दलावर टिक करता येत नाही.’ त्याने कला शाखा घेतलेली. गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात विज्ञान नव्हते आणि तालुक्याला खोली करून राहणे आईला परवडणारे नव्हते. कला शाखेवर एनडीएतून लष्करात जाता येते. हवाई दलाला बारावीत गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागते. त्याच्या हिमतीचा प्रश्न निघालाच नाही. सोळाव्या वर्षी भरलेल्या अकरावीच्या एका फॉर्मने तो निकालात निघाला होता.

फौजेत आरक्षण नाही, हे रडगाणे आम्ही इथे गाणार नाही. छत्रपती संभाजीनगरला शासनाची सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. तिची प्रवेश परीक्षा दहावीत असतानाच द्यायची असते. हे विहारात किती पालकांना माहीत आहे? २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीएचे दार मुलींनाही उघडले, हे किती जणींना कळले?

त्या मुलाने शेवटी लष्कराच्या रकान्यात टिक केली. त्याची धाकटी बहीण नववीत आहे. तिचे गणित चांगले आहे, असे तो जाता जाता म्हणाला. तिला पुढच्या रविवारी घेऊन ये, असे आम्ही सांगितले आहे.