चिखलातले हात

सहामाही परीक्षा संपली की वाड्यांत, चाळींत आणि आता सोसायट्यांच्या पार्किंगमध्येही दिवाळीच्या किल्ल्यांसाठी मातीचे ढीग दिसू लागतात. कुणी विटा पळवतो, कुणी वाण्याकडून गोणपाट मागून आणतो. ते चिखलात बुचकळून दगडविटांवर अंथरले की डोंगर तयार. खरी लढाई त्यानंतरची: राजगड करायचा की रायगड? राजगड म्हटला तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आल्या, वर बालेकिल्ला आला. संजीवनीची दुहेरी तटबंदी ओल्या मातीत उभी करायची तर ज्याचा हात हलका तोच पुढे बसणार. उतारावर हिरवळ हवी म्हणून अळीव किंवा मोहरी चार-पाच दिवस आधी पेरावी लागते. हे काम बहुधा सगळ्यात धाकट्याकडे येते. पाणी जास्त झाले की बोलणीही त्यालाच.

कलाशिक्षणाचा याहून चांगला तास आम्हाला ठाऊक नाही. किल्ला सगळ्यांचा असतो. शाळेत मात्र चित्र ज्याचे त्याचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती ब्रश दिला, ते श्रेय मोठेच; पण तिथेही कागद एकट्याचा, श्रेणी एकट्याची. आपल्याकडे हे असेच चालत आले आहे असेही नाही. लग्नघरातला वारली चौक सवासिणी मिळूनच लिहितात. वर्गावर्गांतून निघणाऱ्या हस्तलिखितांत एकाचे अक्षर, दुसरीची वेलबुट्टी, तिसऱ्याची शिवण असे. आता ‘प्रकल्प’ आला. दुकानातून छापील चित्रे आणायची आणि आईने रात्री जागून ती चिकटवायची, याला सर्जनशील म्हणायचे असेल तर गुणही आईलाच द्यावेत!

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले; रायगड आणि राजगड त्यांत आहेतच. सुट्टीनंतर एखाद्या वर्गाने त्यांतला एक किल्ला शाळेच्या आवारात करून पाहावा. नकाशावरून उतार भूगोलाच्या बाईंनी समजावावा, प्रमाण गणिताच्या सरांनी, आणि कोणी काय करायचे ते मुलांनी भांडून ठरवावे. भांडण मिटवायला शिक्षकांनी धावू नये. गुण द्यायचेच असतील तर सगळ्या गटाला सारखे द्यावेत.

घरच्या मोठ्यांकडे एवढेच मागणे: पाण्याची बादली भरून द्या, कपडे मळले तर रागावू नका आणि बुरूज वाकडा झाला तरी सरळ करायला जाऊ नका.